नेण्यासारखं काही

“एवढंच का?” सदाशिवरावांनी विचारलं.

“एवढंच,” राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. समोरच्या भिंतीवर पहिल्या वर्षाच्या मुलांनी काढलेली केळी होती, सुरई होती आणि सफरचंद म्हणून काढलेला एक टोमॅटोही होता.

सदाशिवराव भोपाळहून आलेले अधिकारी. आधी ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विरघळलं, आता मध्य भारत मध्य प्रदेशात. महाराज बाड्याकडच्या कचेऱ्यांची कपाटं ट्रकात चढून नव्या राजधानीला गेली, कारकून गेले, मागून त्यांची बायकापोरंही गेली. आता तिथल्या नव्या सभागृहासाठी आधुनिक चित्रं हवी होती. फूलबागेजवळच्या या कला महाविद्यालयाच्या संग्रहालयात ती आहेत, अशी बातमी कोणीतरी भोपाळला पोचवली होती. चांगली असतील ती घेऊन यायचा साहेबांना हुकूम होता.

बातमी खरी होती. कॉलेजची रीतच होती: शिकून बाहेर पडणाऱ्यानं आपलं सर्वांत चांगलं चित्र मागे ठेवून जायचं. कोणतं चांगलं, ते शिक्षक ठरवणार. मुलं हातापाया पडत, दुसरं कुठलंही घ्या म्हणत. संग्रहालय सांभाळणाऱ्या राजलक्ष्मीबाई ऐकत नसत. असं वर्षानुवर्षं पोरांच्या डोळ्यांत पाणी आणून जमवलेलं हे धन. ते ट्रकात चढणार या कल्पनेनंच बाईंची झोप उडाली होती. म्हणून त्यांनी आणि रेखाकला शिकवणाऱ्या बळवंतरावांनी मिळून सगळी चित्रं प्लास्टरच्या पुतळ्यांच्या खोलीत नेली, बाहेरून कुलूप घातलं आणि भिंतीवर केळी टांगली.

युक्ती फळाला आली. सदाशिवरावांनी दुसऱ्या दालनातही एक चक्कर मारली, एका सुरईपाशी जरा थांबले आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

“नेण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. “राहू द्या तुमच्याकडेच.”

बळवंतरावांना आनंद लपवता येईना. “चहा घेऊन जा साहेब, बिलकुल तयार आहे,” म्हणत ते त्यांना दाराकडे वळवू लागले. साहेब एकदा जीपमध्ये बसले की संपलं.

दारात सदाशिवराव सहज म्हणाले, “भोपाळला येण्याआधी जबलपूरला होतो, तिथं आम्ही ऐकत होतो, ग्वाल्हेरला नवी चित्रकला फार जोरात आहे. चालायचंच. लोक बोलतात काहीबाही.”

चालायचंच! राजलक्ष्मीबाईंची कानशिलं तापली. त्यांना उषा आठवली. छावनीतल्या शिपायाची मुलगी; चित्र ठेवून जाताना जिन्यातून पुन्हा वर आली होती, एकदा बघू द्या म्हणून. आपण चित्रं वाचवली आणि पोरांची अब्रू घालवली, असं बाईंना वाटलं. उद्या हा माणूस भोपाळात सांगणार, ग्वाल्हेरला केळी काढतात.

“साहेब, थांबा.”

“बाई, गजब करू नका!” बळवंतराव पुटपुटले. “जातायत ना ते? मग जाऊ द्या ना.”

“किल्ली द्या, बळवंतराव.”

“अहो, सगळं घेऊन जातील.”

“नेऊ देत. पण असं बोलून जाऊ देणार नाही मी.”

बाईंनी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि एकेक चित्र स्वतःच्या हातानं उजेडाकडे वळवलं. सदाशिवरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. किल्ला होता, पण नुसता निळा, अंगावर येणारा. टांग्यांची रांग होती. टांगा एकही नाही, चाकंच चाकं. आणि उषाचं चित्र होतं. संस्थानची फौज मोडल्यावर घरी बसलेले तिचे वडील. चेहरा तिनं काढलाच नव्हता. मातकट रंगाचे ठोकळे आणि वर तांबडं पागोटं. पण माणूस असा ताठ बसलेला, की बघणाऱ्यानं आपोआप सरळ उभं राहावं.

सदाशिवराव सरळ उभे राहिले. ते पाहून बाईंचा ऊर भरून आला. हे आमच्या मुलीनं काढलंय, एवढंच त्यांच्या मनात होतं. भोपाळ त्या विसरल्याच होत्या.

“हे न्यायचं,” सदाशिवराव म्हणाले. “तो किल्लाही. आणि ही चाकं.” त्यांचं बोट फिरतच राहिलं.

बळवंतराव एका पुतळ्याच्या पायाशी मटकन बसले. “घ्या! घालवलं ना सगळं!”

“त्यांना बोलू नका,” सदाशिवराव हसून म्हणाले. “खरा माल दुसरीकडे आहे, हे मला पहिल्या दालनातच कळलं होतं. तुमची केळी लहान, आणि भिंतीवर त्यांच्यामागे मोठमोठ्या चौकटींचे डाग. पण मी मागून तुम्ही थोडंच दिलं असतंत? माझी सासुरवाडी शिंदे की छावनीतली आहे, बाई. ग्वाल्हेरकराकडे काही मागायचं नसतं. ‘एवढंच का’ म्हणायचं. तो घर रिकामं करतो.”

राजलक्ष्मीबाईंनी पदराच्या टोकानं उषाच्या चित्राची चौकट पुसली आणि ते सदाशिवरावांच्या हातात दिलं.

“न्या,” त्या म्हणाल्या. “आणि तिथं कोणी ‘एवढंच का’ म्हणालं, तर लगेच कळवा. आणखी पाठवते.”