घोट्यावरचा हात

मी गाडीखाली शिरलो की बायको स्टूल टाकून माझा घोटा धरून बसायची. “जॅक सुटला तर ओढून काढीन,” म्हणायची. थट्टा करून थकलो, पण तिने घोटा काही सोडला नाही. शेवटी तिलाच गाडीच्या सामानाच्या दुकानात नेलं. मी चाकांवर सरकणारा जॅक निरखत होतो; दुकानदाराने तिच्यापुढे दोन लोखंडी स्टँड ठेवले. “जॅक नुसता उचलतो, ताई. पेलतात हे.” “म्हणजे आजवर स्टँड मीच होते,” म्हणत तिने एकावर बसून पाहिलं. घरी गाडी उचलून स्टँडवर टेकवली. तिने बाह्या सरसावून दणकून धक्का दिला. गाडी ढिम्म हलली नाही. मी खाली सरकलो. बराच वेळ घोट्यावर हात येईना, म्हणून मान वळवली. ती शेजारीच आडवी झाली होती. “इतकी वर्षं पायच बघितले तुमचे. आता इथे करता काय ते दाखवा.”