लिहिलंय तेवढंच

सॉफ्टवेअरचे आराखडे काढायच्या टूलच्या सूचना ती एआय एजंटांसाठी, म्हणजे लिहिलेलं वाचून आपणहून काम करणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी, लिहायची, आणि प्रत्येक पान आधी निवृत्त वडिलांना करून बघायला लावायची. एजंटासारखं, लिहिलंय तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही.

त्या दुपारी बाबांनी हसत हसत अख्खा आराखडा उडवून टाकला.

"अहो बाबा, हे काय केलंत?"

"तू लिहिलंस, 'चौकट निवडून डिलीट करा.' कुठली, ते कुठंय? मी आपल्या सगळ्या केल्या."

तिने कपाळावर हात मारला आणि वाक्य सुधारलं.

"म्हाताऱ्याचा वेळ जावा म्हणून काम काढतेस ना? कळतं हो मला," चष्मा पुसत ते म्हणाले. "नाहीतर एवढ्या शिकलेल्या पोरीचं माझ्यावाचून काय अडतंय!"

ती नुसती हसली. बाबांना उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नाही, हे तिचं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

कामावर परतल्यावर पुढचं पान तिने एकटीने लिहिलं. त्यात 'वेगळ्या नावाने सेव्ह करा' एवढं लिहायचं राहिलं, आणि एजंटाने ग्राहकाच्या मंजूर झालेल्या आराखड्यावरच नवा सेव्ह केला. जुना गेला तो गेलाच.

"तुमच्या आधीच्या पानांत एकही चूक सापडत नाही," मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "मग याच वेळी काय झालं?"



"आधीची पानं माझे बाबा तपासायचे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मला एकटीला हे कधी जमलंच नाही."