रेल्वेची पाहणी

अडुसष्ट साली नेसरीकडच्या आमच्या गावात रेल्वेचे साहेब पाहणीला आले. ट्रकची वाट बघत आमचा गूळ घरातच पाघळायचा. रेल्वे आली तर तो थेट मुंबई गाठणार होता. वार रविवार. सरपंच त्र्यंबकअण्णा म्हणाले, "पावण्यास्नी उपाशी धाडायचं न्हाय." मुलाण्याच्या सुलतानबीनं मटणाचा तांबडा रस्सा केला. साहेबांनी सहा वाट्या वरपल्या. जाताना जीपमध्ये गुळाच्या दोन ढेपाही ठेवून घेतल्या.

अहवाल आला : "गाव रेल्वेवाचूनच सधन आहे. रेल्वेची गरज नाही."

अण्णांनी पुन्हा अर्ज केला. साहेब सोमवारी आले. या खेपेला गावानं फाटके सदरे घातले, ढेपा गोठ्यात लपवल्या आणि साहेबांपुढं खर्डा-भाकरी ठेवली.

अहवाल आला : "गावाकडे रेल्वेने पाठवण्याजोगे काहीच नाही. रेल्वे तोट्यात जाईल."

अण्णा भडकले. त्यांनी पत्र धाडलं, "अवो साहेब, आमी श्रीमंत हाय का भिकारी, ते तरी एकदा ठरवा की!"

आठवड्यात उत्तर आलं.


"दोन्ही अहवालांत तफावत आहे. आणखी एक पाहणी करावी लागेल. शक्यतो रविवारी."