दुरुस्ती

सकाळी कामावर येताच जलशुद्धीकरण केंद्रातल्या कॉम्प्युटर इंजिनिअर बाईंनी सॉफ्टवेअर कंपनीचा तातडीचा मेल वाचला. बाहेरून केंद्राच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फट सापडली होती. पासवर्ड न देताही कुणालाही आत शिरता येत होतं. अख्ख्या शहराच्या पाण्यात किती क्लोरीन सोडायचं, ते याच सर्व्हरवरून ठरायचं.

चहा तसाच ठेवून त्या दुरुस्तीला बसल्या. पण स्क्रीनवर उमटलं, 'दुरुस्ती आधीच झाली आहे. काल, दुपारी सव्वातीन.'

त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी रजेवरच्या सहकाऱ्याला फोन लावला.

"वाचवलंस बाबा! रजेवर असूनही आठवणीनं फट बुजवलीस."

"मी? ताई, मी चार दिवसांत लॅपटॉप उघडलेलाही नाही. मेल फोनवर पाहिला, पण मला वाटलं, तुम्हीच कराल."

"अरे, मग सर्व्हरचा पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. आपल्या दोघांकडेच."

बाईंनी स्क्रीनवरची ओळ त्याला वाचून दाखवली. मग तो हळू आवाजात म्हणाला,

"ताई, ज्यानं ती फट बुजवली, तो आधी तिच्यातूनच आत आलाय."