उपाशी गोचिडी

चांगुणाबाई दर आठवड्याला गाईच्या गोठ्याच्या फटींतल्या गोचिडी वेचून डबीत भरायची आणि राजूरच्या एसटीनं नगरला लेकीकडे धाडायची. धनश्री तिथं बीएस्सीला होती. गोचिडीतल्या जंतूवर तिचा प्रकल्प चालला होता. गेल्या महिन्यात ती फोनवर रडली होती. "आई, गोचिडी उपाशीच पोचतात गं. उपाशी गोचिडीतला जंतू झोपलेला असतो. तिला ऊन रक्त मिळालं, की त्याची जनुकं जागी होतात. तो जागा झालेला दाखवला नाही, तर सर प्रकल्प बंद करणार."

आज मात्र ती हसत होती. "आई, मागच्या डबीतला जंतू पुरता जागा निघाला! गाईच्या अंगाला डबी उपडी बांधली होतीस व्हय?"

"गाय कुठं बांधू देती? लई लाथा झाडती."

"मग?"

"केलं कायतरी. तू शीक."

"अजून एक डबी लागेल. रक्त चांगलं ऊन पाहिजे हं."

"ऊनच हाय गं बाई. लई ऊन हाय."

फोन ठेवून चांगुणाबाई तापानं कण्हत गोधडीतून उठली. उजव्या दंडावर पुरळ उठलं होतं, म्हणून नवी डबी तिनं डाव्या दंडाला बांधली.