खंड्याची फेरी

खंड्या ट्रेडमिलवर चालत होता आणि आजही त्याचे पाय ओले होते.

धनाजीनं वाकून पाहिलं. काळा पट्टा सरसर मागे जात होता, पंजांचे ओले ठसे खाली जाऊन फिरून वर येत होते. काल असंच झालं तेव्हा बायकोनं, रत्नानं, सगळं खापर पाण्याच्या भांड्यावर फोडलं होतं. "बुडवला आसंल पाय, कुत्रंच त्ये." आज भांडं पडवीच्या कोपऱ्यात पालथं पडलेलं होतं, कोरडं ठणठणीत.

पडवीसमोर, उताराच्या तळाशी, भाटघर धरणाचं पाणी होतं. वैशाखानं आटलेलं. धरणाच्या आधीचा जुना रस्ता त्या पाण्यात सरळ उतरत गेलेला दिसत होता.

हे यंत्र धनाजीनं भोरातली एक जिम बंद पडली तेव्हा टेम्पोत घालून आणलं होतं. त्यालाही कारण होतं. त्याच्या वडिलांच्या, गेनबांच्या, दहाव्याला कावळा काही शिवेना. कुणी हात जोडून शेताचं बोललं, कुणी नातीच्या लग्नाचं. कावळा आपला आंब्यावर ढिम्म. शेवटी धनाजी म्हणाला, "आबा, तुमच्या खंड्याला रोज सांजचा फिरवून आणीन," आणि कावळा झपकन खाली आला. भावकीदेखत दिलेला शब्द, तो काय मागे घेता येतो? पण आबा त्याला रोज न्यायचे त्या जुन्या रस्त्याला बिबट्या दिसू लागला होता, वाडीतली दोन कुत्री त्यानं नेली होती. मग घरातल्या घरात फिरवलं तर बिघडलं कुठं? शहरातली माणसं नाही का चालत? शब्दही पाळला आणि कुत्रंही वाचलं. आपल्या हुशारीवर धनाजी बेहद्द खूष होता. परवापर्यंत.

"अवो, त्याची मान बगा की," रत्ना दारातून म्हणाली.

खंड्यानं तोंड आभाळाकडं उचललं होतं. कान मागे पडले होते. पाय पट्ट्यावर टेकत होते, पण चालल्यासारखे नाही. पुढचं काही तरी ओढून मागे टाकत असल्यासारखे. पाण्यात पडलेलं कुत्रं हातपाय मारतं, तसे. पोटाखालचे केस अंगाला चिकटले होते आणि त्यांतून पाणी गळत होतं.

धनाजीनं बटण दाबलं. पट्टा थांबला. खंड्या थांबला नाही. थांबलेल्या पट्ट्यावर त्याची नखं खरडत राहिली, डोळे खालच्या पाण्याकडं लागलेले. धनाजीनं त्याला कवेत धरून उचललं, तर एवढ्या उन्हाळ्यात अंग गार दगड. खंड्या खोकला आणि त्याच्या तोंडातून घोटभर गढूळ पाणी जमिनीवर पडलं.

हे कुत्रं मेलं तर आबांना दिलेला शब्द आपण आपल्याच हातानं बुडवला, हे त्याला लख्ख कळलं.

बाजेवर त्याची आई बनाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "धना, त्ये कुठनं माघारी फिरायचं रं?"

"आबा? रस्ता पान्यात जातो तिथनं."

"आन खंड्याला काय म्हनायचं?"

"'चल माघारी' म्हनायचं. त्याबिगार ह्यो वळायचाच न्हाई."

"मग तुज्या पट्ट्याव त्याला कोन म्हनतं?"

धनाजीनं थांबलेल्या पट्ट्याकडं पाहिलं.

"तू बोलला व्हतास, फिरवून आनीन. ह्यो पट्टा निस्ता म्होरं न्हेतो, बाबा. रोज म्होरंच. आनतो कुठं?"

धनाजीनं खंड्याला खाली ठेवलं. मग त्यानं एका बाजूनं, रत्नानं दुसऱ्या बाजूनं धरून ते यंत्राचं धूड पडवीत फिरवलं. पाण्याकडं असलेलं त्याचं तोंड आता घराच्या दाराकडं झालं. धनाजीनं खंड्याला वर ठेवलं, बटण दाबलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "चल माघारी."

आधी खंड्या नुसताच मागे घसरत गेला. मग त्यानं पाय टाकला. हळूहळू मान खाली आली. पोटाचं गळणं थांबलं. पावलं नीट टेकू लागली, घरच्या वाटेला लागलेल्या कुत्र्याची पडतात तशी. थोड्या वेळानं तो मोठ्यांदा शिंकला, अंग झाडलं आणि चालत राहिला. आता पायही कोरडे होते.

"आला, आये! आला!" धनाजीला रडूच फुटलं.

डोळे पुसून त्यानं पुन्हा पाहिलं. खंड्या पट्ट्याच्या डाव्या कडेला अंग चोरून चालत होता. उजवी बाजू त्यानं अख्खी मोकळी सोडली होती. मधूनच मान वळवून तो त्या बाजूला वर बघत होता, शेपूट हलवत होता. आणि त्या मोकळ्या बाजूला, जिथं खंड्याचा पाय पडतच नव्हता, तिथं पट्टा ओला होत होता.

धनाजीचा हात बटणाकडं गेला.

"थांबवू नगंस," बनाबाई म्हणाली. "उंबऱ्यापत्तुर येऊ दे."

खंड्यानं पट्ट्यावरून आपण होऊन उडी मारली. दारापाशी जाऊन तो उभा राहिला, कुणी तरी आधी आत जावं म्हणून थांबल्यासारखा.

बनाबाई बाजेवरून उठली. किती तरी दिवसांनी तिनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढं ओढला.

"रत्ना, पाय धुवाया पानी आन गं," ती म्हणाली. "दोगांना पुरंल येवढं."