मागचं दार

मंत्र्यांची गाडी यायच्या आधीच जळालेल्या शिवणकारखान्यात रांग लागली होती. चमत्कार बघायला.

पुढच्या अंगाचं छप्पर कोसळलं होतं, यंत्रांचे नुसते काळे सांगाडे उरले होते. मागच्या भिंतीवरची देवाची तसबीर मात्र जशीच्या तशी. काचेला तडासुद्धा नाही. आणि तिच्या खालीच, चौथऱ्यापाशी, बायका सापडल्या होत्या. सगळ्या एका जागी, एकमेकींना बिलगलेल्या. ‘प्रार्थना करता करता गेल्या,’ असं शहरभर झालं होतं.

वकिलीणबाई रांगेत उभी होती. ती वकील नव्हती, कापड कापायची. पण प्रत्येक गोष्टीत ‘का?’ विचारायची खोड, म्हणून कारखान्यातल्या बायकांनी ठेवलेलं नाव. देव तिने केव्हाच सोडला होता आणि ते ती कुणापासून लपवत नसे. तिला या सगळ्यात चमत्कार काही दिसत नव्हता. आग मागे पोचायच्या आत बंब आले होते. बायका गेल्या त्या धुराने. आणि तसबिरीखाली, चौथऱ्याच्या मागे, पडद्याआड एक दार होतं.

बायका घडीभर वारा घ्यायला बाहेर जातात, काम बुडतं, म्हणून मालकाने त्या दाराला कुलूप घातलं होतं. तेव्हा बायका कडाकडा भांडल्या. मग मालकाने दारापुढे चौथरा बांधला, वर तसबीर टांगली, पडदा सोडला. भांडण मिटलं. कुलपाशी भांडता येतं, देवाशी कोण भांडणार? एकटी वकिलीणबाई म्हणाली होती, “देव समोरच्या भिंतीवर लावा की. त्याला काय, सगळ्या भिंती सारख्याच.” त्यावर मालक राहिला बाजूला, बायकाच तिच्यावर तुटून पडल्या. काजं-बटणं करणारी तिची जिवाभावाची मैत्रीण, तिनेसुद्धा बोलणं टाकलं. मालकाने वकिलीणबाईची रवानगी अंगणापलीकडच्या गोदामात केली, खोकी बांधायला.

म्हणून ती आज जिवंत होती. आणि मैत्रिणीचा अबोला सुटायचा राहून गेला होता.

सकाळी चौकशीला आलेल्या साहेबांना तिने गाठलं होतं. “साहेब, पडद्यामागे दार आहे.”

“बाई, दार काही पळून जात नाही,” साहेब हलक्या आवाजात म्हणाले. “लोकांना आधी डोकं टेकू द्या.”

रांग पुढे सरकली. तिच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. वळून पाहिलं तर मैत्रिणीची आई.

“सगळे सांगतात, ती प्रार्थना करत होती,” म्हातारी म्हणाली. “तू देव मानत नाहीस. म्हणून तुला विचारते.”

वकिलीणबाईने तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत होते. खरं सांगावं, तर या बाईपाशी एवढंसं काहीतरी उरलंय, तेही हिसकावून घ्यायचं. मन घट्ट करून ती म्हणाली, “हो मावशी. प्रार्थनाच करत होती.”



“मीच तिला शेवटची आंघोळ घातली,” मावशी म्हणाली. “एका बोटाला नख नव्हतं. प्रार्थना करताना नखं मोडतात का गं?”

वकिलीणबाईची मान खाली गेली.

“त्यांचं सोड. तू तरी खोटं बोलायला नको होतंस.”

“दार होतं, मावशी. त्या पडद्यामागे. कुलूप होतं त्याला.”

“दाखव.”

बाहेर गाड्या थांबल्या. मंत्री आत आले, पाठोपाठ मालक, पडलेल्या चेहऱ्याने. पोलिसांनी रांग बाजूला सारली. चौथऱ्याजवळ पोचलेल्या दोघी तिथेच भिंतीला चिकटून राहिल्या. मंत्र्यांनी हातात माइक घेतला.

“आपल्या भगिनी देवाच्या पायाशी गेल्या. असं मरण भाग्यवंतांनाच येतं. याच जागी आपण त्यांच्या नावाने मोठं प्रार्थनागृह उभं करू. मालकांनी ही जमीन देऊ केली आहे. चला, आता सगळे क्षणभर डोळे मिटू या.”

सगळ्यांनी डोळे मिटले. पोलिसांनी टोप्या काढल्या. चौकशीच्या साहेबांनी हात जोडले. कॅमेरेवाल्यांनी कॅमेरे मंत्र्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर धरले.

वकिलीणबाई चौथऱ्यावर चढली आणि तिने मावशीला हात देऊन वर घेतलं. पडदा नवाकोरा होता, घडीच्या खुणा अजून मोडल्या नव्हत्या. आगीनंतर, आदल्या दिवशीच कुणीतरी आणून लावला असणार. दोघींनी दोन्हीकडून धरून ओढला. तो सळसळत खाली आला.

कुलूप जागच्या जागी होतं. त्याच्या आजूबाजूचा रंग खरवडून आतलं लोखंड उघडं पडलं होतं. बाईचा हात पोचेल तिथवर ओरखडे होते, आणि खाली, अगदी चौथऱ्याला टेकेपर्यंत होते.

मावशी गुडघ्यांवर बसली. एकेका ओरखड्यात बोट घालून बघू लागली. आपल्या लेकीचा कुठला, ते शोधत होती. सापडेना, तसा तिने दारावर हात आपटला. एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी. सगळा कारखाना त्या आवाजाने दणाणला.

पुढच्या रांगेतून कुणीतरी, डोळे न उघडताच, “श्शऽऽ” केलं.